शेजारणीच्या बांधाचे दगड

पुष्कळ पावसाळे पडून गेले त्या गोष्टीला. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं, गावाखाली नदी होती, आणि त्या मुलखावर कुणा एका राजाचं राज्य होतं. राजा बरा होता, पण त्याचं या गोष्टीत काही काम नाही. काम आहे ते हैबती नावाच्या शेतकऱ्याचं आणि त्याच्या शेजारणीच्या बांधाचं.

हैबतीला काही कमी नव्हतं. घरात धान्याच्या कणग्या भरलेल्या, गोठ्यात तांबड्या नावाचा देखणा बैल आणि त्याचा जोडीदार. बायको कष्टाळू आणि तोंडानं स्पष्ट. त्याच्या रानाच्या वरच्या अंगाला भिवरा नावाच्या बाईचं रान होतं. दोन्ही रानांच्या मध्ये एक बांध होता, बैलगाडी जाईल एवढा रुंद. आत माती आणि बाहेरून घडीव दगडांची रांग. भिवराच्या नवऱ्यानं तो स्वतःच्या हातांनी रचला होता, कारण उतारावरच्या रानाला बांध नसला तर पहिल्या जोरदार सरीला माती खाली निघून जाते.

पुढे राजाच्या फौजेत भरती निघाली आणि भिवराचा नवरा दूर सीमेवर गेला. जाताना तो हैबतीच्या दारात आला आणि म्हणाला, "दादा, घरची एकटीच हाय. बांधाकडं जरा ध्यान असू द्या."

हैबतीनं ध्यान ठेवलं. असं ठेवलं की त्याच वर्षी नांगरणीच्या वेळी पहार घालून बांधाच्या पायथ्याचे दगड वीतभर आत सरकवले आणि मोकळ्या झालेल्या जागेत नांगराचं एक तास जास्तीचं मारलं. तास म्हणजे फाळाची एक ओळ. दुसऱ्या वर्षी दुसरं, तिसऱ्या वर्षी तिसरं. पाच वर्षांत पाच तासं, आणि भिवराचा नवरा तोवर परतला नव्हता. बैलगाडीचा बांध पायवाटेएवढा झाला. कणग्या भरलेल्या माणसाला ती वीतभर माती कशाला हवी होती, ते त्यालाच ठाऊक. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

मात्र एक झालं होतं. हैबतीला जेवताना घास उतरेनासा झाला होता. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की तो घशाशी अडकून बसे. पाणी प्यावं, पाठीवर थाप मारून घ्यावी, तेव्हा कुठे तो खाली जाई. समोर भिवरा दिसली की मग तर आवंढाही गिळता येत नसे.

बायको म्हणाली, "अवं, तुमच्या पोटाला समदं कळतंय. पोटाला कळतंय ते डोक्याला कळू द्या. तिचा बांध तिला देऊन टाका."

"तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून हैबती ताटावरून उठला. पण बायकोचं बोलणं त्याला पटत चाललं होतं, हे सांगायला हवं. त्या सालच्या नांगरणीला तो बांधाशी जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. त्यानं पहार खाली ठेवली. आणखी चार दिवस असेच गेले असते, तर तो भिवराच्या दारात गेला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

पण त्या चार दिवसांतच गावात प्रसन्नबुवा आले.

बुवा लबाड होते असं समजू नका. लबाड असते तर गाव कधीतरी शहाणं झालं असतं. बुवांचा आपल्या सांगण्यावर मनापासून विश्वास होता. चेहरा गोड, आवाज लोण्यासारखा, आणि कुणावर रागावणं त्यांना ठाऊकच नव्हतं. नदीकाठी त्यांनी मठी बांधली आणि लोकांना एक साधी गोष्ट शिकवायला सुरुवात केली. रोज सकाळी एक दगड घ्यायचा. आपल्याला जे डाचतंय त्याचं नाव त्या दगडाला द्यायचं. डोळे मिटून तीन खोल श्वास घ्यायचे, "मी हलका, मी चांगला, मी पुरेसा," असं म्हणायचं आणि दगड नदीत भिरकावून द्यायचा. डुबुक असा आवाज आला की झालं.

एकवीस दगड टाकणाऱ्याला बुवा 'हलका' म्हणत. एक्कावन्न टाकले की 'सुहलका'. एकशे आठ टाकले की माणूस 'निर्भार' होई आणि मठीत त्याला पुढची बैठक मिळे. जाणाऱ्या माणसानं थोडा शिधा ठेवायचा, बस्स.

हैबती बुवांकडे गेला तो खरं बोलायच्या तयारीनं गेला होता. बुवांसमोर बसला आणि एका दमात म्हणाला, "महाराज, मी शेजारणीचा बांध कोरतो. पाच सालं झाली."

बुवा हसले. "बांधाचं राहू दे रे. तुला कसं वाटतं, ते सांग."

"मला व्हय? मला घास उतरत न्हाई. घशाशी कायतरी बसल्यागत वाटतंय."

"मग तेच तर टाकायचं आहे! बांध बाहेर आहे बाळा, ओझं आत आहे. आपण आतलं काम करतो. उद्या दगड आण आणि त्याला नाव दे, अपराधी वाटणं."

संताप येतो तो इथे. एका माणसाच्या ओठावर खरं आलं होतं. पाच वर्षं कोंडलेलं ते खरं कसंबसं बाहेर पडलं होतं. त्या भल्या बुवानं ते ऐकून घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते परत आत ढकलून दिलं. बांध केवढा उरला आहे, शेजारीण कोण आहे, ती कशी जगते, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी हैबती दगड घ्यायला निघाला. गावातून नदीकडे जाणारी पायवाट भिवराच्या बांधावरून जात असे. दगड कुठला घ्यावा? हाताशी आला तो घेतला. बांधाच्या कडेचा, चांगला घडीव, हातात नीट बसणारा. त्यानं त्याला नाव दिलं, श्वास घेतले, मंत्र म्हटला आणि दगड नदीत टाकला. डुबुक.

पंधरा दिवसांत त्याचा घास उतरायला लागला. तीन आठवड्यांत तो हलका झाला. महिन्याभरात त्याला अशी भूक लागायला लागली की बायको भाकऱ्या थापून दमली. चोरी होती तिथेच होती, टोचणी तेवढी गेली होती.

आणि गाव? गावाला नवीन खेळणंच मिळालं. सकाळ झाली की माणसं बांधावरून ओळीनं नदीकडे निघत, आणि प्रत्येक जण वाटेत वाकून एक दगड उपसे. डोंगरावर दगडांना काही तोटा नव्हता. पण तिथे चढून जायचा त्रास कोण घेणार? पुढे पुढे तर चढाओढ लागली. "माझा राग केवढा होता माहीत आहे का?" म्हणत कुणी भला थोरला चिरा दोन्ही हातांनी उचलून नेई आणि चारचौघांना दाखवत टाकी. दुसऱ्याला वाटे, आपला लोभ यापेक्षा लहान दिसता कामा नये. आपले दोष मिरवायला कुणाला लाज वाटत नव्हती, कारण ते मिरवून झाले की नदीतच जाणार होते. भिवराच्या बांधाचे दगड संपत आले तसे लोक आपापल्या वाटेवरच्या बांधांनाही हात घालू लागले, आणि आपापल्या म्हणजे अर्थातच दुसऱ्याच्या.

त्या सालची नांगरणी हैबतीनं एकशे आठ दगड टाकून झाल्यावर, म्हणजे बरीच उशिरा, पण फार आनंदात केली. बांधाशी आल्यावर तांबड्या थांबला. त्या काळी जनावरं बोलत असत. फार नाही, कामापुरतं.

तांबड्या म्हणाला, "मालक, हितनं म्होरं आपलं रान न्हाई."

पूर्वीचा हैबती ओशाळला असता, नाहीतर त्यानं चाबूक तरी उगारला असता. हा निर्भार हैबती गोड हसला. "तांबड्या, तुझ्या मनावर फार वझं हाय बघ," असं म्हणून त्यानं बैलाची मान थोपटली आणि त्या वर्षी एकाच्या जागी दोन तासं मारली.

चार दिवसांनी भिवरा आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम. ती वैतागानं नाही, काळजीनं आली होती.

"हैबतीदादा, बांध हातभर उरलाय. त्यात ही मानसं रोज दगूड उपसून नेत्यात. मी वराडून वराडून थकले. औंदा जोराचा पाऊस झाला तर माझं रान खाली येईल. मला दुसरं काय न्हाई, दादा. तेवढंच हाय."

हैबतीनं तिचं सगळं ऐकून घेतलं. बुवांनी शिकवल्याप्रमाणे मान हलवत, डोळ्यांत माया आणून. मग म्हणाला, "भिवरा, तुझ्या मनात लई कडूपणा साठलाय. उद्या सकाळी तू बी एक दगूड टाक. बरं वाटंल."

भिवरानं हात वर करून बांधाकडे दाखवलं.

"माझ्या मनात कडूपणा न्हाई, दादा. माझ्या रानात तुमचा नांगर हाय!"

ती तशीच चावडीवर गेली. पाच पंच बसले होते. पाचही निर्भार. त्यांनी तक्रार ऐकली, डोळे मिटले, पाच जणांनी मिळून पंधरा श्वास घेतले आणि थोरल्या पंचानं निवाडा दिला: "बाई, तक्रार ही मनाची सवय आहे. दुसऱ्याकडं बोट दाखवायचं सोड, आत बघ."

आत बघ म्हणे! तिचं रान बाहेर वाहून जायला निघालं होतं आणि पाच धडधाकट पुरुष तिला आत बघायला सांगत होते. भिवरा घरी गेली आणि एकटीच टोपलीनं माती आणून बांधावर टाकू लागली. दिवसभर ती भर घाली आणि सकाळी लोक तीच माती तुडवत दगड उपसून नेत.

हस्ताचा पाऊस आला. भर दुपारी आभाळ काळं झालं आणि असा पाऊस कोसळला की समोरचा माणूस दिसेना. हैबती घरात दाराशी बसून शेंगा खात होता. तेवढ्यात वरून एक आवाज आला, मोठं झाड उन्मळावं तसा. तो धावत रानात गेला. बांध मधोमध फुटला होता. भिवराच्या रानातली काळी माती, तिच्यावरचं कणसांनी भरलेलं पीक, सगळं चिखलाचा लोट होऊन खाली आलं होतं आणि हैबतीच्या उभ्या पिकावर पसरलं होतं. वर भिवराच्या रानात मुरूम उघडा पडला होता. मुरमाच्या कडेला भिवरा उभी होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. हातात रिकामी टोपली धरून ती नुसती बघत होती.

हैबतीच्या घशात परत काहीतरी अडकलं. आणि त्यानं काय करावं? पाऊस ओसरताच तो वाकला, चिखलातून एक दगड उचलला आणि नदीकडे पळत सुटला. सवय झाली होती ना! तांबड्या सुटून त्याच्या मागोमाग निघाला.

काठावर उभं राहून हैबतीनं डोळे मिटले. "मी हलका, मी चांगला..." पुढचा शब्द तोंडातून फुटेना. त्यानं डोळे उघडले. पाण्याचा लोंढा येऊन गेला होता आणि नदीनं आपल्या पोटातलं सगळं वाळूवर आणून टाकलं होतं. दगडांचा हा एवढा ढीग. घडीव, चौकोनी, एकाच हातानं घडवलेले.

मागून तांबड्या म्हणाला, "मालक, ह्ये तुमचं दोष न्हवं. ह्यो तिचा बांध हाय."

हैबतीनं हातातला दगड त्या ढिगावर ठेवला. आपण रोज सकाळी इथे येऊन काय करत होतो, ते त्याला त्या क्षणी उघड्या डोळ्यांनी दिसलं. आपण स्वतःला बरं करत नव्हतो, तिला उघडं पाडत होतो. त्याला स्वतःची अशी शरम वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना. आणि बुवांकडे जावं असं त्याला वाटलं नाही, हे त्याचं नशीब.

बुवा मात्र स्वतःच छत्री धरून आले. म्हणाले, "हैबती, घडून गेलं ते घडून गेलं. त्याला धरून बसू नकोस. स्वतःला क्षमा कर."

"महाराज," हैबती म्हणाला, "रान तिचं गेलंय, आन क्षमा मी मला करू? ती करनारा मी कोन?"

बुवांनी तीन श्वास घेतले आणि ते मठीत निघून गेले.

हैबती चावडीवर गेला. सगळे जमले होते, पावसाबद्दल हळहळत होते. तो उभ्यानं म्हणाला, "भिवराचा बांध म्या कोरला. सहा सालं. सात तासं. तिच्या नवऱ्यानं माझ्यावर इस्वास टाकला व्हता. वरचं दगूड तुमी समद्यांनी नेलं, पन पाया म्या खाल्ला."

मग थोरला पंच म्हणाला, "हैबती, असं बोलून तू आमचंही मन जड करतोस."

"व्हऊ द्या जड," असं म्हणून हैबती तिथून निघाला आणि भिवराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिला तो तेच बोलला, शब्दही न बदलता. बोलून झाल्यावर त्यानं खाली मान घातली. तिनं माफ केलं म्हणावं, अशी आशा त्याच्या मनात थोडी होतीच. माणूसच तो.

भिवरा म्हणाली, "माफी मागू नगा. माझ्याजवळ ती न्हाई. दगूड आना."

दुसऱ्या दिवसापासून हैबती दगड आणू लागला.

हे काम फार कंटाळवाणं होतं. नदीतून दगड काढायचा, खांद्यावर घ्यायचा, चढ चढायचा, बांधाशी ठेवायचा, परत खाली जायचं. दगड फेकायला तीन श्वास लागले होते, आणायला अर्धी सकाळ लागे. दगडांच्या जोडीला माती होती. भिवराची माती हैबतीच्या रानात पडली होती. ती पाट्या भरभरून परत वर न्यायची. बायकोनं पदर खोचला आणि न बोलता दुसरी पाटी उचलली. तांबड्यानं जोडीदाराला घेऊन दगड लादलेली फळी चढावर ओढली. लोक बांधापासून लांब उभे राहून बघत आणि म्हणत, "अरेरे, हैबती एवढा निर्भार झाला होता, परत जड झाला."

त्याला बरं वाटत होतं का? मुळीच नाही. खांदे सोलून निघाले, बोटं चेचली, रात्री कूस बदलवेना. पहिला महिना तो रोज मनाशी म्हणे, आता तरी आपण चांगले झालो का? भिवरानं आपल्याकडे बघितलं का? आणि भिवरा बघत नसे. ती वरच्या बाजूनं आपलं काम करी. बोलली तर एवढंच बोले, "ह्यो दगूड उलटा बसलाय," आणि हैबती तो काढून सुलटा बसवी.

दुसऱ्या महिन्यात एके दिवशी दुपारी तो एका जागी थबकला. या कोपऱ्यात भिवराच्या रानातलं पाणी तुंबतं, असं त्याच्या ध्यानात आलं. नुसता बांध घातला तर पाणी इथे साचून परत जोर करणार. त्यानं बराच विचार केला, पायथ्याला दगडांची छोटी मोरी ठेवली, पाणी निघून जाईल पण माती अडेल अशी. ती आपल्याच रानात उघडायची होती, म्हणजे तिथलं हातभर पीक दर वर्षी जाणार. त्यानं तशीच उघडली. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी हात धुताना त्याला उमगलं, आज सकाळपासून आपल्याला कसं वाटतंय याचा आपण एकदाही विचार केला नाही. दिवसभर आपण फक्त तिच्या रानातल्या पाण्याचा विचार करत होतो. पन्नाशी गाठलेल्या त्या माणसाच्या आयुष्यातला तो तसा पहिलाच दिवस होता.

सात तासं मोजून त्यानं परत केली आणि बांध पुन्हा बैलगाडीएवढा रुंद झाला. भिवरानं तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितला आणि ती घरी गेली. शाबासकी नाही, गोड शब्द नाही. आणि बरोबरच आहे. ज्याचं त्याला परत दिलं, त्याची शाबासकी कसली?

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण प्रसन्नबुवा मठीतून हे सगळं बघत होते आणि त्यांना हैबतीचं काम फार आवडलं. त्यांनी पुढच्या पौर्णिमेला सांगितलं, "बाळांनो, टाकण्याच्या साधनेनंतर आता वाहण्याची साधना! नदीतून दगड काढा, खांद्यावर घ्या, चढ चढा. अहंकार कसा विरघळतो ते पाहा."

झालं! सगळं गाव नदीत उतरलं. दगड खांद्यावर घेऊन, घाम गाळत, एकमेकांकडे कौतुकानं बघत माणसं चढ चढू लागली. आणि दगड कुठे नेले? मठीसमोर. तिथे त्यांचा एक सुंदर ढीग रचला गेला. त्याला चुना फासला, वर पताका लावली. एकवीस दगड वाहणारा 'नम्र', एक्कावन्नवाला 'सुनम्र'.

हैबतीनं ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. तो ढिगासमोर जाऊन ओरडला, "अरं, हिथं काय रचताय? ज्याच्या बांधाचा दगूड हाय, त्याच्या बांधावर न्या की! पावसाळा तोंडावर आलाय!"

माणसं मठीकडे चालतच राहिली. कारण दगड त्याच्या बांधावर न्यायचा, तर तो कुणाच्या बांधाचा हे बोलावं लागणार. ज्याचा आहे त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार. मठीपर्यंत दगड नेणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. थोरला पंच हळूच म्हणाला, "हैबतीचा अहंकार अजून गेला नाही." सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या आणि पुढचा दगड उचलला.

पावसाळा आला, आणि त्या वर्षी आधीच्या वर्षापेक्षा दांडगा आला. दोन दिवस संततधार लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी उतारावरचे बांध एकामागून एक सुटायला लागले. हैबती पानांचं इरलं डोक्यावर घेऊन भिवराच्या बांधाच्या पायथ्याशी धावला आणि दगडांना दोन्ही हात लावून उभा राहिला. जणू त्याच्या हातांनी बांध थांबणार होता! वरून पाण्याचा घुमारा ऐकू येत होता. पायाजवळच्या मोरीतून लाल पाणी उसळत बाहेर पडत होतं. त्याच्या मनात एकच होतं, हिचं रान राहू दे. आपल्या रानाची त्याला आठवणही नव्हती.

वरून हाक आली. भिवरा बांधावर उभी होती, नखशिखान्त भिजलेली.

"दादा! धरलंय! बांधानं धरलंय!"

तिनं त्याला दादा म्हटलं ते वर्षभरानं. हैबतीनं दगडांवरचे हात काढले आणि तो चिखलातच खाली बसला.

पाऊस थांबला तेव्हा उतारावर एकच रान हिरवं उरलं होतं आणि त्याच्या खालचं दुसरं. बाकी सगळीकडे मुरूम. मठीसमोरचा पांढरा ढीग मात्र पताकेसकट शाबूत होता, कारण त्याच्यामागे अडवायला काही नव्हतंच. प्रसन्नबुवा आदल्याच दिवशी दुसऱ्या गावच्या निमंत्रणावरून गेले होते, प्रसन्न चेहऱ्यानं.

माणसं ढिगाभोवती जमली. थोरला पंच पुढे होऊन हैबतीला म्हणाला, "आता आम्ही काय करावं, तूच सांग."

हैबती म्हणाला, "आधी ज्याचा बांध फोडला त्याचं नाव घ्या. त्याच्यासमोर घ्या. मग दगूड उचला."

गावात साठ घरं होती. कुणी पताकेकडे बघू लागलं, कुणी आभाळाकडे. मग एक म्हातारी उठली आणि शेजारच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुझ्या बांधाचं चाळीस दगूड म्या नेलं." तिच्यामागून आणखी काही जण उठले. सगळे मिळून सात जण, सात घरांतले. त्या सात जणांबरोबर हैबती, त्याची बायको आणि भिवरा दगड वाहू लागली, आणि पुढच्या पावसाळ्याआधी सात बांध उभे राहिले.

उरलेली एक्कावन्न घरं जरा वेळ हळहळली. मग तिथले लोक शिधा बांधून, जास्त चांगला बुवा शोधायला गेले.

तात्पर्य: मन हलकं झालं म्हणजे माणूस मोठा झाला असं नव्हे, आपण ज्याचं मोडलं त्याचं नाव घेऊन जो ते पुन्हा उभं करतो, तोच आतून वाढतो.